पांढऱ्या मोज्यांचा हट्ट

महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी आठवडाभराने. शाळेची पहिली घंटा आणि पहिला दमदार पाऊस यांत फारसे अंतर नसते. पुढचे तीन महिने मुले चिखलातून, डबक्यांतून, एसटी स्टँडवरच्या राड्यातून वाट काढत वर्गात पोचतात. आणि तरीही कितीतरी शाळांच्या गणवेशाच्या यादीत मोज्यांसमोर ‘पांढरे’ असे लिहिलेले असते. काही शाळांत तो रोजचा रंग, काहींत शनिवारच्या पीटीपुरता. हा रंग बदलायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या घरातून रोज सकाळी मूल शाळेत जाते, त्या घराला हा विषय क्षुल्लक वाटणार नाही.

पांढऱ्या मोज्याचे पावसात काय होते ते आधी पाहू. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची लाल माती. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच जातीचा. तो साबणाला दाद देत नाही आणि ब्लीचनेही निघत नाही. मराठवाड्यात, विदर्भात काळी चिकण माती. तिचे बारीक कण विणीच्या आत जाऊन बसतात. ब्रशने घासघास घासले की डाग फिका होतो, पण मळकट छटा राहतेच. मग ब्लीचची बाटली निघते. शाळेचे मोजे आता निव्वळ सुती क्वचितच असतात. कापसात नायलॉन मिसळलेले असते आणि ताण राहावा म्हणून स्पॅन्डेक्सचा धागा असतो. क्लोरीनच्या ब्लीचने नायलॉन पिवळे पडते आणि स्पॅन्डेक्सचा ताण जातो. शुभ्र करायला घेतलेला मोजा पिवळट होतो, सैल होतो आणि घोट्यापाशी गोळा होऊन बसतो. दुसऱ्या दिवशी मुलीला दोन गोष्टींवरून बोलणी खावी लागतात: मोजे मळके का, आणि मोजे खाली का आले. दोन्हींचे मूळ एकच आहे, आणि ते त्या मुलीच्या हातात नव्हते.

पांढऱ्याच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो, तो स्वच्छतेचा. पांढऱ्यावर मळ दिसतो म्हणून मोजे रोज धुतले जातात. गडद मोजा मुले तीन-तीन दिवस घालतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण मोजे रोज धुतले जातात की नाही, हे घरात जोड किती आहेत आणि पाणी किती आहे यावर ठरते. जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे एक पांढरा जोड भिजवायचा, घासायचा, पुन्हा खळबळायचा, निळीतून काढायचा, हा खर्चच आहे, आणि तो पाण्याचा आहे तसा कष्टाचाही आहे. हे कष्ट बहुतेक घरांत आईच्या किंवा थोरल्या बहिणीच्या वाट्याला येतात. गडद मोजाही रोजच धुवायला हवा. पण तो साबणात दोनदा चोळला, पिळला, दोरीवर टाकला की काम संपते.

शिवाय पायाची खरी स्वच्छता म्हणजे पाय कोरडा असणे. पावसाळ्यात चिखल्या होतात त्या काही मोज्याचा रंग पाहून होत नाहीत. ओला मोजा, त्यावर बंद बूट आणि तशा अवस्थेत पाच-सहा तास, एवढे बुरशीला पुरते. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढुरकी पडते, सोलते, खाजते, चालताना झोंबते. मुलांना आरोग्याचे धडे द्यायचे असतील तर पावसाळ्यात दप्तरात एक कोरडा जोड ठेवायला सांगावे, आणि भिजून आलेल्या मुलाला बूट-मोजे काढून बसायची मुभा द्यावी. पावसाळ्यापुरते बूट-मोजे बाजूला ठेवून रबरी सँडल चालवून घेणाऱ्या शाळा आहेत. त्यांचे करावे तेवढे कौतुक थोडेच.

आता जोडांचा हिशेब. २०२३ साली राज्य शासनाने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे द्यायचे ठरवले. त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये मंजूर झाले. आम्ही त्या निर्णयाचे स्वागतच करतो. पायात काही नसलेल्या मुलाला बूट मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण दोन जोड म्हणजे एक पायात आणि एक दोरीवर. श्रावणात दोरीवरचा जोड चोवीस तासांत वाळतोच असे नाही. अशा शाळेने त्यातला एक जोड शनिवारसाठी पांढरा मागितला, तर उरलेले पाच दिवस एका जोडावर काढायचे. वर्षातले चाळीसेक शनिवार सजावेत म्हणून बाकीचे सगळे दिवस ओल्या मोज्यात घालवायचे, असा तो व्यवहार होतो. दोन्ही जोड एकाच रंगाचे असले की ही अडचण राहत नाही.

एकाच रंगाचा आणखी एक फायदा आया जाणतात. मोजे जोडीने विकत घेतले जातात, पण हरवतात एकेकटे. वाऱ्याने एक उडतो, एक पलंगाखाली जातो, एकाच्या टाचेला भोक पडते. सगळे मोजे सारखे असतील तर उरलेल्या दोघांची नवी जोडी लावता येते. दोन दिवसांचे दोन रंग असतील तर नाही लागत. आणि घरातली दोन मुले दोन वेगळ्या शाळांत असतील, तर एकाचे मोजे दुसऱ्याच्या कामाला येत नाहीत.

इथे पट्टीचा विषय काढावाच लागतो. खासगी शाळांच्या मोज्यांवर वरच्या कडेला एक-दोन रंगीत पट्ट्या असतात: राखाडीवर मरून, नेव्ही ब्लूवर पिवळी, कुठे शाळेची आद्याक्षरे. दिसायला ती दोन बोटांची शोभा आहे. परिणाम मात्र मोठा आहे. साधा काळा मोजा असंख्य कारखाने विणतात आणि तो आठवडे बाजारापासून मॉलपर्यंत कुठेही मिळतो. पट्टीचा मोजा विणताना मधेच धाग्याचा रंग बदलावा लागतो, त्यासाठी वेगळी ऑर्डर द्यावी लागते, आणि एका शाळेपुरती ऑर्डर घेणारा पुरवठादार बहुधा एकच निघतो. तो माल ठेवणारे दुकानही मग एकच. जुलैत नंबर संपला की पालक त्या एका दुकानात हेलपाटे घालतात. सीबीएसईने एप्रिल २०१७ मध्ये शाळांना बजावले होते की आवारात पुस्तके, गणवेश, दप्तरे विकण्याची दुकानदारी बंद करा. ते योग्यच होते. परंतु दोन बोटांच्या पट्टीने तीच मक्तेदारी आवाराबाहेर तशीच चालू राहते, आणि नियमाच्या अक्षरालाही धक्का लागत नाही. ज्या शाळेला पालकांचा खर्च खरोखर कमी करायचा आहे, तिने सुरुवात या पट्टीपासून करावी. शाळेची ओळख पटवायला खिशावरचा बिल्ला पुरेसा आहे.

गणवेशाचा रंग मुळात कसा ठरत असे, याचे एक जुने उदाहरण इंग्लंडात आहे. क्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा १५५२ साली लंडनमध्ये गरीब मुलांसाठी निघाली. आता ती ससेक्समधल्या हॉर्शमजवळ आहे. तिथली मुले आजही लांब निळा कोट आणि पिवळे मोजे घालतात. निळा रंग त्या काळी स्वस्तात होई म्हणून कोट निळे, असे सांगतात. पिवळ्या मोज्यांविषयीही अशीच एक व्यवहारी कथा आहे, की त्या रंगाने उंदीर-किडे दूर राहतात अशी समजूत होती. समजूत खरी असो वा खोटी. रंग निवडणाऱ्यांनी मुलाच्या पायाचा आणि संस्थेच्या खिशाचा विचार केला होता, असे त्यातून दिसते. आपल्या गावात पाऊस कसा पडतो, माती कोणती, पाणी किती, हे विचारून मोज्यांचा रंग ठरवणारी शाळा आज शोधावी लागेल.

मग कोणता रंग? आमचे उत्तर काळा. शर्ट आणि चड्डीशी मेळ घालण्याच्या नादात आपण मोज्याला उगीच अवघड करून ठेवले आहे. मोजा बुटाशी जुळला की तो कशाशीही जुळतो. काळ्या बुटावर काळा मोजा खाकी पँटखाली चालतो, नेव्ही ब्लू पिनाफोरखाली चालतो, राखाडीखाली, मरूनखाली, बाटली-हिरव्याखाली चालतो. पुढे कधी शाळेने गणवेश बदलला तरी मोजे फुकट जात नाहीत. नेव्ही ब्लू हा दुसरा बरा पर्याय; पण प्रत्येक कंपनीचा नेव्ही वेगळा असतो, धुऊन धुऊन एक जांभळट होतो आणि दुसरा करडा, आणि सकाळी सहाच्या ट्यूबलाइटमध्ये नेव्ही कुठला नि काळा कुठला हे मोठ्यांनाही कळत नाही. राखाडीच्या छटा तर मोजता येणार नाहीत इतक्या. मरून आणि बाटली-हिरवा हे रंग बहुधा गणवेशाच्या दुकानातच मिळतात, त्यामुळे पट्टीला जो आक्षेप आहे तोच त्यांनाही लागू होतो.

काळ्यालाही खोड आहे. स्वस्त मोज्यांचा रंग पहिल्या काही धुण्यांत जातो, आणि पांढऱ्या शर्टांच्या बादलीत एक काळा मोजा पडला की शर्ट कामातून जातो. नवे मोजे दोन-तीनदा वेगळे, थंड पाण्यात धुवावेत, एवढे शाळेने यादीतच लिहावे. उन्हाळ्यात काळा तापतो ही शंका काही पालक घेतात. बुटाच्या आत ऊन पोचत नाही. तिथे त्रास होतो तो नायलॉनचा. मोज्यात कापूस जास्त असावा आणि मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेला घोट्याइतका आखूड मोजा चालावा, असा नियम केला तर नागपूर-अकोल्याची मुले दुवा देतील. संध्याकाळी अंधारात गडद कपड्यांतले मूल वाहनचालकाला दिसत नाही, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्यावर उपाय दप्तरावर आणि रेनकोटवर चमकपट्टी लावण्याचा आहे. चिखलाने माखलेला पांढरा मोजा तसाही दिसत नाहीच.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न रंगापुरता राहत नाही. पाचवी-आठवीच्या पुढे मुलगे फुलपँटमध्ये जातात. अनेक शाळांत मुली दहावीपर्यंत स्कर्ट किंवा पिनाफोर आणि गुडघ्यापर्यंत मोजे अशाच असतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जातो. नाशिक, महाबळेश्वर, नागपूर, गोंदिया इथल्या सकाळच्या शाळेतल्या मुलींच्या पायांना किती थंडी वाजत असेल याची कल्पना प्रार्थनेला मैदानात पाच मिनिटे उभे राहिले तरी येईल. गणवेशाच्या रंगाचा स्वेटर चालतो, मग गणवेशाच्या रंगाची स्लॅक्स का चालत नाही? इंग्लंडातल्या शाळांत हिवाळा आला की मुली मोज्यांऐवजी काळ्या, राखाडी किंवा नेव्ही रंगाच्या जाड टाइट्स घालतात आणि उन्हाळ्यात पुन्हा मोज्यांवर येतात. त्यासाठी कुणाची चिठ्ठी लागत नाही. आपल्याकडेही काळी स्लॅक्स, तीही कोणत्याही दुकानातली, कोणत्याही ऋतूत, न विचारता घालता यावी. ज्या शाळांत मुलींना पँट किंवा सलवार-कमीज आहे तिथे हा प्रश्न सुटलेलाच आहे. बाकीच्यांनी तिकडे पाहावे.

आणि शनिवारचा तो पांढराशुभ्र पोशाख. पांढरा टी-शर्ट, पांढरा स्कर्ट किंवा पांढरी पँट, पांढरे मोजे, पांढरे कॅनव्हासचे बूट, बुटांना पांढरी पॉलिश. मैदानावर ओळीत उभी असलेली मुले सुंदर दिसतात, हे खरे. परंतु सहावी-सातवीपासून पुढे वर्गातल्या कोणत्याही शनिवारी काही मुलींची पाळी चालू असते. त्या दिवशी कवायत करायची, उड्या मारायच्या, वाकायचे, आणि मनात सतत एकच धास्ती, डाग तर पडला नाही ना. कुणी पोटात दुखते सांगून बाकावर बसून राहते, कुणी शनिवारी शाळेतच येत नाही. मुलींनी खेळात मागे राहू नये म्हणून आपण भाषणे करतो आणि त्याच मुलींना पांढऱ्या स्कर्टात मैदानावर पाठवतो. पांढऱ्या पोशाखाच्या बाबतीत जगात सर्वांत कडक मानल्या जाणाऱ्या विंबल्डनने २०२३ च्या स्पर्धेपासून महिला खेळाडूंना स्कर्टखाली गडद रंगाची अंतर्चड्डी घालायची सवलत दिली. कारण हेच होते, आणि ते लपवलेही गेले नाही. व्यावसायिक खेळाडूंना ज्या धास्तीचा त्रास होतो ती तेरा वर्षांच्या मुलीला होत नसेल असे कोण म्हणेल? पीटीचा पोशाख कमरेखाली गडद असावा. मोज्यांसकट. याला आम्हाला कोणताही अपवाद सुचत नाही.

मोज्यांवरून मुलांना ज्या शिक्षा होतात, त्यांविषयीही लिहायला हवे. प्रार्थनेच्या ओळीतून बाहेर काढणे, वर्गाबाहेर उभे करणे, बूट काढून अनवाणी बसवणे, दोन वेगळ्या छटांचे मोजे सगळ्या वर्गाला दाखवणे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही करायला मनाई केली आहे. मोज्यांवरून चारचौघांत केलेली शोभा मानसिक छळात मोडत नाही, असे कोणत्याही शिक्षकाने मनाशी म्हणून पाहावे. मोजे मुलाने विकत घेतलेले नसतात, धुतलेले नसतात, वाळवलेले नसतात. विचारायचेच असेल तर डायरीत दोन ओळी लिहाव्यात किंवा आईला फोन करावा. बहुतेक वेळा उत्तर इतकेच मिळते: वाळले नव्हते.

काही मुलांना तर मोजा घालणेच जड जाते. स्वमग्न मुलांपैकी कित्येकांना बोटांपाशी असलेली शिवण सहन होत नाही. ती दिवसभर टोचत राहते आणि मूल अस्वस्थ होते. अशा मुलाने मोजा उलटा घातला किंवा घातलाच नाही, तर शाळेचे काही बिघडत नाही. एखाद्याला रंगाची ॲलर्जी असेल, पायाला जखम असेल, तर त्याच्यासाठी पांढरा सुती मोजा जरूर असावा. इथे पांढऱ्याला खरी जागा आहे.

हे सगळे ठरवायचे कुणी? सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत एका वर्षी गणवेश वरूनच येणार होता. कापड आणि शिलाई वेळेवर पोचली नाही, मुले जुन्याच कपड्यांत बसली, आणि २०२५-२६ पासून गणवेश घेण्याचे काम पुन्हा या समित्यांकडे आले. विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ आहे. इंग्लंडने गणवेशाच्या खर्चासाठी २०२१ मध्ये कायदाच केला. त्यानुसार निघालेली मार्गदर्शक सूचना शाळांना सांगते की गणवेशाचा पुरवठादार ठरवताना खर्चाला सर्वाधिक महत्त्व द्या, शाळेच्या नावाच्या वस्तू कमीत कमी ठेवा आणि वापरलेले गणवेश मिळण्याची सोय करा. आपल्या समित्यांना मोज्यांसाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही. एक ठराव पुरेसा आहे, आणि तो जानेवारी-फेब्रुवारीच्या सभेत व्हायला हवा. मे महिन्यात दुकानांचा माल भरून झालेला असतो.

ठरावात चार ओळी लागतील. मोजे साधे काळे, पट्टी किंवा अक्षरे नसलेले, कोणत्याही दुकानातले, सहाही दिवस तेच. मुलींना काळी स्लॅक्स वर्षभर, विनाचिठ्ठी. घरात असलेले पांढरे आणि पट्टीचे मोजे विरेपर्यंत, निदान एक पूर्ण वर्ष, चालतील. मोज्यांवरून कोणत्याही मुलाला वर्गाबाहेर किंवा ओळीबाहेर काढले जाणार नाही. समितीतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत; त्यांतल्या आयांनी हा विषय स्वतः मांडावा, कारण मोजे धुणाऱ्या बहुधा त्याच असतात, आणि सभेच्या विषयपत्रिकेवर तो ‘इतर विषयां’त न ढकलता वर क्रमांक देऊन घ्यावा.